मापात पाप (डिजिटल आवृत्ती)

मागच्या बुधवारी कॅन्टीनमध्ये नेहमीप्रमाणे देश सुधारायचं काम चालू होतं. विषय होता आमचा बीड जिल्हा. (मी तिथला असल्यामुळे बीडची कुठलीही बातमी आली की माझ्याकडे खुलासा मागायची आमच्या ऑफिसात पद्धत आहे.) कुणीतरी ऊसतोड कामगारांचं काढलं, त्यावरून गाडी साखर कारखान्याच्या काट्यावर आली, आणि टीममधला एक हुशार मुलगा निकाल लावल्यासारखा म्हणाला, "सिंपल आहे यार. सगळीकडे सेन्सर बसवा. माणूस मध्ये आला की घोळ होतो. सेन्सर खोटं बोलत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण एकची मीटिंग होती आणि ताटातली पोळी संपायची होती. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. घरी येताना सिग्नलवर आठवलं, रात्री आठवलं. तर मंडळी, आजचं शनिवारचं पुराण त्या एका वाक्याविरुद्ध आहे. लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सेन्सर खोटं बोलत नाही हे मान्य, कारण सेन्सर मुळात बोलतच नाही. तो बिचारा काही मायक्रोव्होल्ट पुढे सरकवतो. त्याच्या वतीनं बोलणारा वेगळाच असतो, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

आता कारखान्याचा भुईकाटा घ्या. ट्रॅक्टर-ट्रॉली जिच्यावर चढते तो लोखंडी प्लॅटफॉर्म आपल्याला दिसतो. त्याच्या खाली साधारण सहा किंवा आठ लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा, दुसरं काही नाही. वजन पडलं की पोलाद दबतं. किती दबतं? पूर्ण क्षमतेचं वजन पडलं तर मीटरमागे एखादा मिलिमीटर या हिशोबानं, म्हणजे डोळ्याला शून्य. त्या ठोकळ्यावर धातूच्या पापुद्र्याची एक नागमोडी जाळी चिकटवलेली असते, तिला स्ट्रेन गेज म्हणतात. पोलाद ताणलं की ती ताणली जाते, लांब आणि बारीक होते, आणि तिचा विद्युत रोध वाढतो. दबली की रोध कमी होतो. ३५० ओहमच्या गेजमध्ये हा फरक पाऊण ओहमसुद्धा नसतो. १९३८ च्या सुमाराला अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांना ही युक्ती एकमेकांना न विचारता सुचली. आज तुमच्या किराणा दुकानातला काटा, बाथरूममधला (आपण ज्याच्यावर फक्त सकाळी उपाशीपोटी चढतो तो) काटा आणि साठ टनी भुईकाटा, सगळ्यांच्या पोटात हीच जाळी आहे.

पाऊण ओहम मोजायचा कसा? चार गेज घेऊन व्हीटस्टन ब्रिज जोडायचा. हो, तोच. ज्याची रीडिंग्ज आपण बारावीत शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवली. ब्रिजला १० व्होल्ट दिले की पूर्ण वजनाला दुसऱ्या बाजूला साधारण २० मिलिव्होल्ट मिळतात. गंमत पुढे आहे. समजा काट्याखाली ३० टनी सहा लोडसेल आहेत, म्हणजे एकूण १८० टनांची ताकद, आणि ते समांतर जोडलेत. १८० टनांना २० मिलिव्होल्ट, तर १० किलोला किती? एक मायक्रोव्होल्ट आणि थोडंसं वर. व्होल्टचा दहा लाखावा भाग! एका मोळीचं वजन ते एवढंसं असतं. ते पकडायला २४ बिटांचा कन्व्हर्टर लागतो आणि तो ते पकडतो. रात्री दोनला, थंडीत, खाली चिखल आणि उंदीर असताना पकडतो. मला स्वतःला हे बघून अजूनही हात जोडावेसे वाटतात.

इथपर्यंत सगळं विज्ञान आहे आणि इथपर्यंत मी त्या मुलाच्या बाजूचा आहे.

पण त्या मायक्रोव्होल्टवर "१८,४६०" असं कुठं लिहिलेलं नसतं. ते लिहितो इंडिकेटर, आणि कसं लिहायचं हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. शून्य कुठं धरायचं हे एक सेटिंग. किती मायक्रोव्होल्टला किती किलो म्हणायचं हे दुसरं. कोपऱ्यावर उभ्या चाकाचं आणि मध्यावर उभ्या चाकाचं वजन सारखं यावं म्हणून जंक्शन बॉक्समध्ये प्रत्येक लोडसेलसाठी बारीक स्क्रू असतात, ते तिसरं. गाडी हलत असताना आकडा नाचू नये म्हणून किती सेकंदांची सरासरी घ्यायची, चौथं. मग आकडा वायरीतून कॉम्प्युटरवर जातो. तिथं भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं. ते रिकामं वजन आत्ताच घेतलेलं की मागच्या महिन्यात साठवून ठेवलेलं, हेही सॉफ्टवेअरमधल्या एका टिकमार्कवर ठरतं. मग पावती. आणि पावतीवर जे छापून येतं ते पैसे.

वैधमापनशास्त्राचे निरीक्षक वर्षातून एकदा काटा तपासून सील करतात. भुईकाट्याला कायद्यानं चूक किती माफ असते? ५० टनी, १० किलोच्या भागाचा काटा असेल तर २० टनांच्या गाडीला तपासणीच्या वेळी १० किलो, वापरात फार तर २०. म्हणजे बघा, यंत्राची लाज राखायला २० किलो पुरतात. २०० किलोंचा फरक पडला तर तो पोलादानं पाडलेला नसतो. तंत्रज्ञान जितकं चांगलं तितकं "मशीनची चूक असेल हो" हे वाक्य जास्त लबाड, एवढं तरी आपण इंजिनिअर मंडळींनी समजून घ्यायला हवं.

आता एक कबुली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका छोट्या कंपनीत होतो आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. कारखान्यांसाठी नव्हे, गोदामांसाठी. एका ग्राहकानं सांगितलं की ॲडमिन स्क्रीनवर एक "ॲडजस्टमेंट" नावाचा रकाना द्या, टक्क्यांत. कशाला, असं विचारल्यावर उत्तर आलं, "ओलाव्यासाठी." मी दिला. कुणी कधी किती टक्के टाकले याची नोंद ठेवायची का, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, रिक्वायरमेंटमध्ये आहे का? नव्हती. दीड दिवसाचं काम होतं, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज केलं आणि मित्रांबरोबर सिनेमाला गेलो. लोडसेल एकदम उत्तम होते बरं का, परदेशी. त्या रकान्यात पुढे काय काय टाकलं गेलं मला माहीत नाही, आणि माहीत होऊ नये अशीच मी तो लिहून व्यवस्था केली होती. सेन्सर खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या मुलाला मी हे कॅन्टीनमध्ये सांगितलं नाही. इथं सांगतोय.

ज्यांना हे टोकाचं वाटतंय त्यांनी २०१७ आठवावं. ठाणे पोलिसांनी राज्यभर पेट्रोल पंपांवर छापे टाकले होते. पंपात पल्सर नावाचा भाग असतो, आतून वाहणाऱ्या पेट्रोलनं मीटर फिरतं आणि हा त्या फिरण्याचे विजेचे ठोके करतो. अस्सल ट्रान्सड्यूसर. ठोके मोजायचे आणि लिटर दाखवायचे. घोटाळेबाजांनी काय केलं, तर मध्ये चिप बसवून ठोक्यांचा हिशोबच बदलला. आकड्यांवर डोळे लावून उभा असलेला पुण्या-मुंबईचा गाडीवाला फसला. आणि लक्षात घ्या, तो निदान तिथं उभा होता!

ऊसतोड कामगार काट्यावर उभाच नसतो. हे शहरातल्या वाचकांना सहसा माहीत नसतं म्हणून जरा थांबून सांगतो. दिवाळीच्या आसपास आमच्या जिल्ह्यातून माणसं टोळ्यांनी निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक "कोयता". मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती टनांवर फिटते. पहाटे तोडायला सुरुवात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून ट्रॉली भरून द्यायची. ट्रॉली भरली की ड्रायव्हर ती घेऊन जातो आणि कोयता पुढच्या सरीला लागतो. ट्रॉली रात्री कधीतरी काट्यावर चढते. पावती ड्रायव्हरकडून मुकादमाकडे. ज्या बाईनं तो ऊस डोक्यावरून वाहिला तिला मार्च-एप्रिलमध्ये हिशोबाला बसल्यावर कळतं की आपण किती टन तोडला. सगळ्या साखळीत त्या वजनाचा खरा अंदाज एकट्या तिच्या मानेला असतो. पण मानेला सील नाही ना!

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, दर टनाला ३६६ रुपयांवर गेला. संप झाला, बैठका झाल्या, पेपरात फोटो आले. चांगलंच झालं. पण पैसे म्हणजे दर गुणिले वजन. दरावर पुण्यात मोठमोठी माणसं बसतात, वजनावर कोण बसतं? समजा काटा फक्त एक टक्का कमी दाखवतो. हंगामात २५० टन तोडणाऱ्या कोयत्याचे अडीच टन गेले, म्हणजे दोन माणसांची दिवसभराहून जास्त मेहनत फुकट. शेतकऱ्याचं त्याहून मोठं. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. २० टनांच्या खेपेत २०० किलो गेले तर सातशे दहा रुपये. एका खेपेत. (उतारा कोण मोजतं आणि कशानं, यावर वेगळी पोस्ट होईल. तिथंही एक सुंदर उपकरण आहे आणि तेही दुसऱ्याच्याच खोलीत आहे.)

सगळे कारखाने चोर आहेत असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे. माझ्या चुलत्यांनाही माहीत नाही, त्यांनी आयुष्यभर ऊस घातलाय. स्वाभिमानी शेतकरी संघटना काटामारीवर कित्येक हंगाम ओरडतेय. कारखाने म्हणतात आमचे काटे अचूक. दोघांपैकी कोण खरं हे ठरवायला लागणारी माहिती एकाच बाजूच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. साखर आयुक्तालयानं २०२२ साली सांगितलं की शेतकऱ्यानं बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस नाकारू नका. आदेश चांगला, पण तोडलेला ऊस तासातासाला वाळतो, बाहेरच्या काट्याचे पैसे वेगळे, ड्रायव्हरला पुढची खेप गाठायची असते. आणि कारखान्याशी वाकडं घेतल्यावर पुढच्या वर्षी तोडीचा नंबर कधी लागेल? भरारी पथकं असतात. त्यांची गाडी फाट्यावर पोचायच्या आत बातमी काट्यावर पोचलेली असते असं आमच्याकडे हसत हसत सांगतात.

जुन्या तराजूची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात दांडीची एक बाजू लांब करून फसवता यायचं, म्हणून संशय आला की गिऱ्हाईक म्हणायचं, पारडी बदला. माल इकडं, वजनं तिकडं. खोटी दांडी तिथल्या तिथं उघडी पडायची, आणि त्याला ना शिक्षण लागायचं ना निरीक्षक. लोडसेल त्या तराजूपेक्षा कैक पटींनी अचूक आहे, पण "पारडी बदला" म्हणायची सोय त्यात आपण ठेवली नाही. अचूकता वाढली आणि तपासणाऱ्याचा हात कापला. याला आपण पारदर्शकता म्हणतो, च्यायला.

बरं, हे काही उसापुरतं नाही. पावसाचं बघा.

२०१७ च्या सुमारापासून महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांमध्ये दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. आमच्या मंडळातलं मी बघून आलोय. कुंपण, खांब, त्यावर सोलर पॅनल, आणि एक नरसाळं लावलेला डबा. डब्यात सी-सॉसारखी दोन छोटी वाटीवजा पारडी असतात. ही कल्पना जुनी, १६६२ च्या सुमाराला ख्रिस्तोफर रेननं काढलेली. हो, लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाराच. एक पारडं भरलं की ते कलंडतं, दुसरं वर येतं. कलंडताना त्यावरचं चुंबक एका स्विचपुढून जातं आणि एक ठोका नोंदला जातो. आठ इंची नरसाळं असेल आणि ठोका ०.२ मिलिमीटरचा असेल तर पारड्यात मावतं साडेसहा मिलिलिटर पाणी. खोकल्याच्या औषधाच्या चमच्यापेक्षा जरा जास्त.

पाऊस ताशी १०० मिलिमीटरनं कोसळायला लागला की दर सात सेकंदांना एक कलंडणं. कलंडायला लागतो तो अर्धाएक सेकंद वरून पाणी पडतच असतं, भरलेल्याच पारड्यात, ते मोजलं जात नाही. म्हणून हे यंत्र स्वभावानंच जोराच्या पावसात दोन-चार टक्के कमी सांगतं. हिशोबात दुरुस्ती करता येते, केली असेल तर. नरसाळ्यात पाखराची विष्ठा किंवा बाभळीचा पाला अडकला तर मात्र कुठलीही दुरुस्ती चालत नाही. मग पाणी ठिबकत राहतं आणि धो धो पाऊस कागदावर रिमझिम होतो.

आता यात पैसे घाला. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, मग पंचनामे, मग मदत. ६२ झाला तर? तर चांगला पाऊस झाला म्हणायचं. एका मंडळात वीस-पंचवीस गावं, डबा एका गावात. बालाघाटच्या डोंगरात पाऊस बांध बघून पडतो, एका शिवारात पूर आणि पलीकडे धूळ, हे तिथं जन्मलेल्या पोरालाही कळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि गोदाकाठची शेतं वाहून गेली तेव्हा वाद नव्हता, सगळं पाण्याखालीच होतं. वाद असतो काठावरच्या वर्षी. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीडचे तीन होते, वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. शेजारचा आमचा केज नाही. पुढच्याच महिन्यात आणखी १,०२१ मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली. निकष काय, तर सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी पाऊस आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. म्हणजे सगळा खेळ पर्जन्यमापकाचा. फळपीक विमा तर हवामान केंद्राच्या आकड्यांवरच चालतो, मोसंबी-डाळिंबवाल्यांना विचारा.

रोजचा मंडळनिहाय पाऊस महारेनच्या पानावर कुणालाही बघता येतो. हे खरंच चांगलं काम आहे आणि तसं म्हणायला मला कमीपणा वाटत नाही. पण तो दिवसाचा शिजलेला आकडा. डबा शेवटचा साफ कधी केला, मोजमाप शेवटचं कधी पडताळलं, मधले किती तास केंद्र बंद होतं, हे मी गावात सरपंचापासून सगळ्यांना विचारलं. कुणालाही सांगता येईना. एक म्हातारा म्हणाला, "त्ये कंपनीचं हाय बाबा, आपण हात लावायचा न्हाई." आता विंड्स योजनेत गावोगावी पर्जन्यमापक येणार म्हणतात. येऊ देत. पण हात लावायचा नाही असे दोन हजारांचे वीस हजार डबे झाले म्हणून म्हाताऱ्याचं काय बदललं?

त्या मुलानं परवा माझं सगळं ऐकून घेतलं (शेवटी सांगितलंच, कबुली सोडून) आणि विचारलं, मग काय, परत तलाठ्याच्या नजरअंदाजावर जायचं? अजिबात नाही. नजरअंदाजात काय काय शिजतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. सेन्सर हवेतच, जास्त हवेत. पण पावती निघते त्याच क्षणी तो आकडा शेतकऱ्याच्या आणि टोळीतल्या प्रत्येक कोयत्याच्या मोबाईलवर गेला पाहिजे, भरलेलं आणि रिकामं वजन वेगवेगळं, वेळेसकट. ओटीपी पाठवता येतो तर हे येत नाही का? सेटिंग बदललं की त्याची नोंद काट्याबाहेरच्या, कारखान्याच्या ताब्यात नसलेल्या सर्व्हरवर उमटली पाहिजे. काट्याशेजारी प्रमाणित वजनं पडलेली असावीत आणि कुठल्याही शेतकऱ्याला "चढवा ती आणि दाखवा" म्हणायचा हक्क असावा, म्हणजे पारडी बदला परत आलं. पावसाच्या केंद्राचा प्रत्येक ठोका आणि प्रत्येक सफाई जाहीर असावी. यात एकही नवीन सेन्सर लागत नाही. लागतो तो आपल्यासारख्यांनी लिहायचा कोड, फार तर दोन स्प्रिंटचा. मग होत का नाही? कारण रिक्वायरमेंट देणारा ग्राहक काटेवाला असतो. मोळीवाली बाई आपली ग्राहक कधीच नसते.

चुलत्यांना हे सगळं फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "ते तुझं ठोकेबिके राहू दे, मला एक साधं काचेचं मोजपात्र आणून दे." दिलं. जूनपासून अंगणातल्या खांबाला बांधलंय, रोज सकाळी साडेआठला बघतात आणि पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहितात. त्यांचं घर केंद्रापासून सहा किलोमीटरवर आहे. जुलैच्या पानावर एका तारखेला त्यांचे ७१ आणि मंडळाचे ५८ आहेत. कदाचित दोन्ही खरे असतील, सहा किलोमीटर म्हणजे पावसाला परमुलूख. पुढच्या महिन्यात गावी गेलो की त्या पानांचे फोटो काढून आणतो, इथं टाकतो.